काठी वर असेपर्यंत

१

दुपारचं जेवण आटोपलं, भांडी विसळून फडक्यावर पालथी घातली, की लुव्हेनिया टॉलिव्हर नवऱ्याला रेकॉर्ड लावून देई. हा नेम सहसा चुकत नसे. होझिया खिडकीपाशी आपल्या तपकिरी खुर्चीत बसलेला असायचा. त्याच्या गळ्यातला रुमाल ती सोडायची, ओठांच्या कडेला चिकटलेला मक्याच्या पावाचा चुरा पुसायची आणि म्हणायची, "चला म्हातारबुवा, कामाची वेळ झाली."

होझियाला आता बायकोचं नाव आठवत नसे. तो तिला 'मॅडम' म्हणायचा, तेही फार अदबीनं. तरुणपणी मेम्फिसच्या एका मोठ्या हॉटेलात त्यानं ताटं उचलली होती, तेव्हाची ती सवय असावी. मुलीला तो कधी बहीण समजे, कधी चर्चमधली कुणी बाई. पण सुई तबकडीवर टेकली, आतून बारीक खरखर आली, की त्याची बोटं जागी व्हायची. उजव्या हाताची दोन बोटं खुर्चीच्या लाकडी हातावर ठेका धरायची, डावा तळवा मांडीवर पडायचा. एक मात्रा इकडची तिकडे होत नसे. माणसाचं डोकं गेलं होतं, हात शाबूत होते.

रेकॉर्ड त्यांचीच होती. सासष्ट साली दक्षिण मेम्फिसमधल्या एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात एका लहानशा कंपनीनं स्टुडिओ थाटला होता. ऑर्गनवर लुव्हेनिया, ड्रमवर होझिया, गिटारवर प्रेंटिस यारब्रो आणि बेसवर ओर्झेल गेन्स. एरवी हे चौघे गाणाऱ्यांच्या पाठीमागे बसून साथ करायचे. त्या आठवड्यात गायक फिरकलाच नाही, तेव्हा मालक म्हणाला, टेप रिकामी कशाला ठेवता, तुम्हीच काहीतरी वाजवा. मग त्यांनी वाजवलं. शब्द नाहीत, गळा नाही, नुसती चार वाद्यं एकमेकांशी बोलत बसल्यासारखी. कंपनीनं 'आइस हाउस आफ्टरनून' असं नाव देऊन ती बाजारात आणली. कव्हरवर या चौघा काळ्या माणसांचा फोटो छापायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी छत्री घेतलेली एक गोरी मुलगी छापली. ती कोण, कुठली, चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

रेडिओवाल्यांनी ती लावली नाही, दुकानदारांनी मागच्या कप्प्यात सारली, आणि वर्षभरात लोक तिला विसरूनही गेले. तीस वर्षं उलटली. प्रेंटिस केव्हाच वारला. ओर्झेलनं शाळेची बस चालवली, होझियानं टपाल वाटलं. लुव्हेनिया चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागली ती अजून वाजवत होती.

दुसऱ्या बाजूची शेवटची चीज सगळ्यांत संथ. तिचं नाव होझियानं ठेवलं होतं, 'काकवी'. बरणीतून ओघळावी तशी ती चालायची. अर्ध्यावर आल्यावर चौघंही एकदम थांबत. होझियाची काठी वर जाई आणि एक अख्खं आवर्तन कुणी काही वाजवत नसे. मग काठी खाली येई, आणि त्याच क्षणी ऑर्गन भरून वाहू लागे. त्या थांब्यात आपण श्वास रोखून होझियाच्या मनगटाकडे बघत होतो, हे लुव्हेनियाला अजून लख्ख आठवायचं. लग्न त्यानंतर दोन महिन्यांनी झालं.

ऑगस्टातल्या एका दुपारी 'काकवी' त्या थांब्यावर आली. होझियाचा हात नेहमीसारखा वर गेला. आवर्तन संपलं, रेकॉर्डमधला ऑर्गन सुरू झाला, आणि होझियाचा हात वरच राहिला. तो डोळे किलकिले करून समोर बघत होता, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मग हात खाली आला, पण तोवर उशीर झाला होता.

लुव्हेनिया हातात कपबशी घेऊन तशीच उभी राहिली. 'हेही गेलं तर,' असं तिच्या मनात आलं. तिनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात थोडं रडून घेतलं.

२

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्याच्यासमोर बसली. सलगमाचा पाला निवडायला घेतला होता. हात कामात असले की मन ताळ्यावर राहतं, असं तिची आई म्हणायची.

'काकवी' सुरू झाली. थांबा आला. होझियाचा हात वर गेला. लुव्हेनियानं आवर्तन पायानं मोजलं. चर्चमध्ये उभी हयात तिनं पायानं मात्रा मोजल्या होत्या. आवर्तन संपलं आणि ऑर्गन आला नाही.

तिनं मान वर केली. होझियाचा हात वर होता. रेकॉर्ड फिरत होती, मधलं निळं लेबल गरगरत होतं, सुई खाचेत होती. तिचा पाय पुन्हा मोजायला लागला, तेवढ्यात होझियाचा हात खाली आला आणि त्याच्याबरोबर, अगदी बरोबर, ऑर्गनही आला.

म्हणजे काल चुकलं ते याचं नव्हतं. काल हा रेकॉर्डच्या पुढं होता, लांबलेला थांबा याला आधीच कळला होता.

हा विचार मनात आला तशी तिनं तो पाल्याच्या देठांबरोबर बाजूला टाकला. प्लेअरचा पट्टा सैल झाला असेल. उन्हाळ्यात या भागात वीज कमीजास्त होतेच. पण पट्टा सैल झाला, तबकडी मंद फिरली, तर सूर खाली उतरायला हवा. सूर जिथल्या तिथं होता. तिच्या कानाला सुताइतका फरक कळला असता. तिनं होझियाची हत्यारांची पेटी काढली, प्लेअरचं झाकण उघडून पट्टा पाहिला, सुईवरची धूळ फुंकरीनं उडवली. सगळं ठाकठीक होतं. मग तिनं तीच चीज पुन्हा लावली. होझिया तोवर पेंगला होता, हात मांडीवर निपचित. थांबा जितका असायचा तितकाच होता.

"म्हातारी झालीस, व्हेनी," ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली. "आता मात्राही धड मोजता येईनात."

"हो मॅडम," होझिया झोपेतच म्हणाला.

३

शनिवारी मुलगी आली. डेनीटा नदीपल्याड आर्कान्सामध्ये राहायची, शाळेच्या कचेरीत नोकरी करायची. आली की आधी फ्रिज उघडून बघायची, मग बापाची नखं कापायची, मग तोच विषय काढायची.

"ममा, ती वृद्धाश्रमाची जागा मी बघून आले. स्वच्छ आहे, बायका प्रेमळ आहेत. खिडकीतून झाडं दिसतात."

"इथूनही दिसतात."

"तुला रात्रीची झोप नाही. कंबर धरलीय. उद्या तूच पडलीस तर?"

"पडले तर उठेन. तू शेंगा खा."

डेनीटानं उसासा टाकला आणि उकडलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. लुव्हेनियानं रेकॉर्ड लावली. आज तिला एक साक्षीदार मिळाला होता. 'काकवी'चा थांबा आला, होझियाचा हात वर गेला, आणि लुव्हेनियानं मोजणं सोडून नुसते कान लावले.

थांबा मोठा होता. कालच्यापेक्षाही मोठा. आणि त्यात अगदीच शांतता नव्हती. त्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतींना आतून बुचाच्या लाकडाचे जाड थर होते, त्यामुळं तिथं आवाज टाकला की भिंत तो गिळून टाकायची. ते गिळणं तिला ऐकू येत होतं. कुणीतरी नाकानं हळू श्वास सोडला. आणि मग सिमेंटच्या जमिनीवर लाकूड सरकल्याचा लहानसा आवाज आला. खोलीत एवढा उकाडा असून तिच्या घोट्यांना गारवा लागला. दार उघडं ठेवल्यावर जमिनीलगत येतो तसा.

होझियाचा हात खाली आला. ऑर्गन वाहू लागला.

"ऐकलंस?" लुव्हेनियानं विचारलं.

"काय?"

"मधला थांबा. लांबलाय."

डेनीटानं तोंडातलं टरफल काढलं. "ममा, मला काय माहीत तो किती असतो? मी कधी ही रेकॉर्ड नीट ऐकलीय?" मग आईचा चेहरा बघून ती जरा ओशाळली. "म्हणजे, लहानपणी लागायची घरात. पण शब्दच नाहीत त्यात. आम्हाला शब्दांची गाणी आवडायची."

"खुर्ची सरकल्याचा आवाज?"

"शेजाऱ्यांकडे असेल." डेनीटानं तिचा हात हातात घेतला. तो गार लागला म्हणून तिनं तो दोन्ही तळव्यांत चोळला. "ममा, मी तुझ्यावर ओरडत नाहीये. पण तू थकलीयेस गं. त्या जागेचा विचार तरी कर."

लुव्हेनियानं हात सोडवून घेतला. पुढं कधी मुलीजवळ तिनं थांब्याचा विषय काढला नाही. काढला असता तर दोन खाटांची चौकशी झाली असती.

४

ओर्झेल गेन्सला तिनं फोन केला तो पावट्याच्या निमित्तानं. एवढे पावटे शिजवलेत, खायला ये, आणि येताना तुझी रेकॉर्ड घेऊन ये, माझी जरा खराब झालीय.

तो आला तेव्हा अंगणातूनच ओरडत आला. उंच, वाकलेला, गुडघ्यांनी पार त्रासलेला, पण तोंड बंद नाही. "व्हेनी! पावट्यात डुकराची तंगडी घातलीयस ना? का डॉक्टरचं ऐकायला लागलीस?"

"घातलीय. पाय पुस आधी."

ओर्झेल होझियासमोर जाऊन उभा राहिला. "काय रे खडूस, अजून ठेक्यात घाई करतोस का?"

"गुड आफ्टरनून, सर," होझिया म्हणाला.

ओर्झेलचं हसू क्षणभर अडखळलं. मग त्यानं होझियाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथंच राहू दिला.

जेवणानंतर त्यानं आपली प्रत काढली. कव्हर नव्यासारखं होतं. "ही बघ आपली पाचवी वादक," छत्रीवाल्या मुलीवर टिचकी मारत तो म्हणाला. "आपली हाडं निघाली, ही काही म्हातारी होत नाही. मी दर वाढदिवसाला एकदा लावतो ही. बायको होती तेव्हा ती म्हणायची, तुझ्याखेरीज जगात कुणी ऐकत नाही. मी म्हणायचो, व्हेनी ऐकते."

"आता लाव. शेवटची चीज. आणि थांब्याकडे लक्ष दे."

"थांब्याला काय झालं?"

"तू ऐक तर."

ओर्झेल खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि त्याचा डावा हात आपोआप बेसच्या मानेवर असल्यासारखा हवेत गेला. 'काकवी' ओघळत चालली. लुव्हेनिया दाराला टेकून उभी होती. प्रत दुसरी होती, खरखरही वेगळी होती. आता कळेल, असं ती स्वतःला सांगत होती. थांबा आला. होझियाचा हात वर.

ओर्झेलची टाच जमिनीवर पडत होती. आवर्तन संपलं तेव्हा ती थांबली. त्यानं डोळे उघडले आणि आधी रेकॉर्डकडे, मग होझियाच्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. खिडकीच्या पडद्याचा काठ हलत नव्हता. खोलीत ओलसर बुचाचा वास आला, आणि त्याखाली अमोनियाचा, त्या कारखान्यातल्या जुन्या नळ्यांना यायचा तसा. जमिनीवर लाकूड सरकलं.

ओर्झेल हळूच म्हणाला, "सुई उचल."

"नको."

"उचल म्हणतो ना."

"मधेच उचलली आणि तो तसाच राहिला तर?" लुव्हेनिया कुजबुजली. ती होझियाकडे बघत होती. होझियाची छाती हलत नव्हती. तो श्वास घेत नव्हता, नुसता थांबला होता. मग हात खाली आला, छाती भरली, ऑर्गन वाहिला.

 चीज संपल्यावर ओर्झेलनं रेकॉर्ड उचलून दोन्ही हातांनी कव्हरात घातली.

"माझ्या घरी हे इतकं नसतं," तो म्हणाला. "देवाशपथ."

"तो आवाज तुझ्या खुर्चीचा असेल. तेव्हाचा."

"मी उभ्यानं वाजवायचो, व्हेनी. होझियाचं स्टूल लोखंडी. प्रेंटिस पेटीवर बसायचा." तो तिच्या नजरेला नजर देईना. "लाकडाचं एकच होतं तिथं. तुझं ऑर्गनचं बाकडं."

"मी उठले नव्हते."

"मला माहितेय."

"मी उठले असते तर थांब्यानंतर वाजवलं कुणी?"

ओर्झेलनं टोपी घातली. दारात जाऊन तो परत वळला. "लावू नकोस ती आता. त्याला बेसबॉल लावून दे रेडिओवर. माणसं ओरडत असतात तिथं, बरं असतं."

५

तिनं रेकॉर्ड कपाटावर चढवून ठेवली आणि दुपारी बेसबॉल लावू लागली. होझिया तासन्‌तास त्या ओरड्याकडे तोंड करून बसायचा. बोटं हलायची नाहीत. हळूहळू त्यानं खाणं कमी केलं. घास तोंडात धरून बसायचा, गिळायचं विसरून जायचा. लुव्हेनियानं त्याचा गळा चोळायला शिकून घेतलं. रात्री अंथरुणात त्याचा हात हातात घेऊन ती पडून राही. तो हात तिला दिवसेंदिवस हलका लागत होता. आपण त्याच्याकडून शेवटची गोष्टसुद्धा काढून घेतली, असं तिला वाटे. मग दुसरं मन म्हणे, काढून घेतली म्हणूनच तो अजून आहे.

सप्टेंबर लागला तरी उकाडा हटला नव्हता. त्या दुपारी ती इस्त्री करत होती. पंखा घरघरत होता, स्वयंपाकघरात फ्रिज गुणगुणत होता, बाहेर ओकच्या झाडांवर किडे एका सुरात कर्कश ओरडत होते. चुलीवर भेंडी आणि टोमॅटो रटरटत होते. रेडिओ बंदच होता. होझियाला झोप लागलीय असं तिला वाटलं होतं.

टक्, टक-टक्. टक्, टक-टक्.

तिनं वळून पाहिलं. होझिया ताठ बसला होता. डोळे उघडे, बोटं खुर्चीच्या हातावर. 'काकवी'चा ठेका. रेकॉर्ड कपाटावर होती. तो एकटाच वाजवत होता, आणि इतकं सुरेख वाजवत होता की लुव्हेनियानं इस्त्री बाजूला ठेवली. तिच्या मनात बाकीची वाद्यं आपोआप भरत गेली. आता गिटार आली. आता बेस खाली उतरला. आता माझा डावा हात. तिला हसू आलं. ते कित्येक महिन्यांनी आलं होतं.

मग तो थांब्यापाशी आला, आणि त्याचा हात वर गेला.

पंखा थांबला. वीज गेली असं तिला वाटलं. पण पाती हळू होत होत थांबली नव्हती. ती होती तिथं थांबली होती. फ्रिज गप्प. बाहेरचे किडे गप्प. चुलीवरची रटरट गप्प. रस्त्यावर कुणाची तरी गाडी येत होती, तिचा आवाज मधेच नाहीसा झाला. सगळं घर, सगळी गल्ली त्या वर गेलेल्या हाताकडे बघत असावी तशी थबकली होती. घोट्यांना गारवा लागला, मग गुडघ्यांना.

"होझिया," ती म्हणाली. तिचा आवाज तोंडाबाहेर पडला आणि भिंतीत मुरून गेला.

होझिया तिच्याकडे बघत नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. बघू नये, असं तिला वाटलं. पण नवरा जिकडे बघतो तिकडे बायकोची नजर जातेच.

दारात पिवळा पडदा असायचा, त्यामागं ओटा. तिला करडी भिंत दिसली, बुचाच्या तुकड्यांची, ओल धरलेली. खाली सिमेंटची जमीन. एका पेटीवर कुणीतरी पायावर पाय टाकून बसलं होतं. चौकटीत त्याचा एक गुडघा मावत होता आणि एक दुरंगी बूट. ठेका देता देता बुटाचं टोक हवेत थांबलं होतं. प्रेंटिसला त्याच बुटात पुरलं होतं. त्याच्या मागं कुणीतरी उंच उभं होतं. आणि अलीकडे, दाराला पाठ करून, तिचा ऑर्गन होता. बाकडं मागं सरकवलेलं होतं, उठून गेलेलं माणूस परत बसेल अशा बेतानं. बाकड्यावर कुणी नव्हतं.

ती माणसं होझियाची वाट बघत नव्हती. बुटाचं टोक तिच्याकडे वळलेलं होतं.

"लुव्हेनिया," होझिया म्हणाला. स्पष्ट, तरुण आवाजात, नाव घेऊन. "बस ना. किती वेळ हात वर धरू?"

तिला भीती वाटली नाही, असं ती पुढं स्वतःला सांगायची. तिला बसावंसं वाटलं. तीस वर्षांत कुणी तिला असं बोलावलं नव्हतं. तिची बोटं वाकली होती, पहिल्या सुराच्या जागेवर आली होती. दारापर्यंत जेमतेम चार पावलं. तिनं त्यातलं एक टाकलंही. जमीन पायाला गार आणि खरबरीत लागली.

आणि तिनं होझियाकडे पाहिलं. त्याचे ओठ निळे पडत होते. तो श्वास धरून होता. सासष्ट साली आपण सगळ्यांनीच धरला होता तसा.

ती मागं फिरली. त्याचं वर धरलेलं मनगट तिनं दोन्ही हातांनी पकडलं. ते हलेना. म्हाताऱ्या, हलक्या झालेल्या हातात एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे. तिनं सगळं अंग त्यावर टाकलं आणि ते खाली ओढलं. बोटं खुर्चीच्या हातावर आपटली.

पंखा फिरत होता. किडे ओरडत होते. भेंडी करपल्याचा वास येत होता. दारात पिवळा पडदा हलत होता.

होझिया खोकला, मोठा श्वास घेतला, आणि दुखावलेलं मनगट चोळत तिच्याकडे परक्या नजरेनं बघत राहिला. "माफ करा मॅडम," तो म्हणाला. "माझं काही चुकलं का?"

६

संध्याकाळी फोन वाजला. ओर्झेल होता.

"तू ठीक आहेस?" त्यानं विचारलं.

"आहे. का रे?"

"काही नाही. दुपारी जेवल्यावर टेबलापाशीच डुलकी लागली. जाग आली तेव्हा मी उभा होतो. भर खोलीत उभा, डावा हात असा वर. खांदा भरून आलाय नुसता." त्यानं आवाज खाली घेतला. "आणि बुटांना ओल होती, व्हेनी. मी घराबाहेर पडलो नव्हतो."

लुव्हेनियानं फोनची तार बोटाला गुंडाळली. "पुसून टाक," ती म्हणाली. "आणि खांद्याला तेल लाव."

दोघांनीही फोन खाली ठेवला.

होझियाच्या बोटांनी त्यानंतर कधी ठेका धरला नाही. तिनं एकदा, दोनदा, स्वतः टेबलावर 'काकवी' वाजवून बघितली. तो सभ्यपणे ऐकत बसला, परक्याच्या घरी गेलेला पाहुणा बसतो तसा. पण घास गिळायला लागला. अंगावर थोडं मांसही आलं. डेनीटा म्हणाली, "बघ, ममा, बरे दिसताहेत." थंडी सरता सरता एका सकाळी तो झोपेतच गेला. दोन्ही हात पांघरुणाखाली होते. लुव्हेनियानं आधी ते बघितले, मग चेहरा बघितला.

त्याच्या मयताला ऑर्गन तिनंच वाजवला. कुणाला दुसऱ्याला बसू देईना. आणि त्या दिवसापासून चर्चमध्ये सगळ्यांच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. सिस्टर टॉलिव्हर थांबत नाहीत. एक भजन संपलं की शेवटचा सूर त्या धरून ठेवतात, त्याच्या अंगावरच दुसरं भजन चढवतात. प्रार्थनेच्या वेळी, जेव्हा सगळे मान खाली घालून गप्प असतात, तेव्हाही खालच्या पट्टीतला एक सूर बारीक चालू असतो.

"सिस्टर," रेव्हरंड एकदा म्हणाले, "लोकांना श्वास घ्यायला जरा जागा ठेवा हो."

"श्वास घरून घेऊन यायला सांगा, रेव्हरंड," ती म्हणाली. सगळे हसले, तीही हसली.

उपासना संपली, माणसं मागच्या दालनात जेवायला गेली, की ओर्झेल पुढं येऊन ऑर्गनला टेकून उभा राही आणि काहीबाही बोलायला लागे. कोंबडी आज चिवट होती, अमक्याची टोपी बघितलीस का, माझ्या गुडघ्यानं पाऊस सांगितलाय. तो बोलायला लागला की मगच ती शेवटचं बोट उचलायची. असं का, ते तिनं त्याला कधी सांगितलं नाही. 

एप्रिलातल्या एका रविवारी ओर्झेल आला नाही. गुडघ्यानं दगा दिला, असा निरोप होता. एवढंच. जेवणाच्या दालनाकडे जाणारं दार मिटलं, पावलं लांब गेली, आणि रिकाम्या चर्चमध्ये लुव्हेनिया एका सुरावर करंगळी ठेवून बसली. दुपारचं ऊन बाकांवर पसरलं होतं. छताचा पंखा फिरत होता. तो हळू झालाय असं तिला वाटलं. मग वाटलं, नाही, तसाच आहे.

तिच्या पाठीमागं, अगदी जवळ, कुणीतरी नाकानं श्वास घेतला. आणि धरून ठेवला.

तिनं मान वळवली नाही. करंगळी तशीच दाबून, डाव्या हातानं तिनं चष्मा सारखा केला, पान उलटलं आणि पुढच्या रविवारचं भजन वाजवायला घेतलं.